दस्तगीर विचारायचा, येतंय का?

बावड्याच्या थांब्यावर बसमधून उतरलो तेव्हा मशिदीच्या कर्ण्यावरून काहीतरी सांगितलं जात होतं. रविवारची दुपार होती. रविवारी दुपारी दस्तगीरकडे जायचं, हा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ. त्यामुळं पाय आपोआप त्याच्या घराकडे वळले होते आणि कान त्या आवाजाकडे होते. आवाज फार स्वच्छ होता. कर्णा शिट्टी मारत नव्हता, शब्द एकमेकांत घुसत नव्हते, उसाच्या फडांवरून वारा येत असूनही अक्षर न् अक्षर सुटं ऐकू येत होतं. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की दस्तगीरनं कर्णा चांगला बसवलाय. तो त्यानंच बसवला होता. शिडीवरून खाली बघत मला ओरडला होता, "सर, शिडी सोडू नगासा, माझं वजन तुमच्या कपाटातल्या समद्या पुस्तकांपेक्षा जास्त हाय." मग ध्यानात आलं, की ही कुणाच्या तरी मयताची वर्दी आहे. वर्दी दुसऱ्यांदा दिली गेली तेव्हा नाव कळलं. दस्तगीर शिकलगार... दफन असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजनंतर. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. सायकलीवरची माणसं पाय टेकवून ऐकत होती, म्हशी घेऊन निघालेली एक बाई थांबली होती. साऱ्या बावड्याला ते ऐकू गेलं. एका घरात तेवढं ऐकू जाणं शक्य नव्हतं, आणि ते त्याचंच घर होतं.

दस्तगीर आणि मी मित्र कसे, हे आमच्या दोघांच्याही ओळखीच्या लोकांना कधी उलगडलं नाही. मी कॉलेजचा ग्रंथपाल. हळू बोलायची सवय आधीपासूनच होती, नोकरीनं ती पक्की केली. तो लाउडस्पीकरचा कंत्राटदार. कुस्तीचं मैदान असो, लग्न असो, उरूस असो की गणपती, शहरात मोठ्यानं काही बोलायचं असलं की ते दस्तगीरच्या कर्ण्यांतून बोललं जाई. आमची ओळख झाली ती कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, वीसएक वर्षांपूर्वी. मी मैदानाच्या टोकाला एकटाच उभा होतो. व्यासपीठावरून एक आडव्या अंगाचा, पांढरा लेंगा घातलेला माणूस माईकमध्ये म्हणाला, "ओ पावणं, तिथंच ऱ्हावा. येतंय का?" मी मान हलवली. "मुंडी नगं, तोंडानं सांगा. येतंय का?" मी म्हणालो, येतंय. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "माझं तुमच्यापतूर पोचलं, तुमचं माझ्यापतूर कवा पोचायचं? जेवून आला न्हाईसा व्हय?" मुलं खो खो हसली. त्यांच्या धंद्याची ती रीतच होती. कार्यक्रमाच्या आधी मांडवाच्या टोकाला एक माणूस उभा करायचा, माईकवरून विचारायचं, "येतंय का?", आणि त्यानं तिकडून पोटातून ओरडायचं, "येतंय की!" तो 'की' ऐकल्याशिवाय दस्तगीर पाहुण्यांच्या हाती माईक देत नसे.

काही दिवसांनी तो ग्रंथालयात आला. दारात चपला काढून, रुमालानं तोंड पुसून, माझ्यापेक्षाही हळू आवाजात त्यानं विचारलं, "सर, घरातल्या आवाजाचं एखादं पुस्तक हाय का?" मला प्रश्न कळला नाही. तेव्हा त्यानं समजावून सांगितलं, की मैदानातला आवाज फेकायचा असतो, घरातला आवाज ताटात वाढल्यागत वाढायचा असतो, आणि त्याला फक्त फेकायचं येतं. विज्ञानाच्या कपाटात एक इंग्रजी पुस्तक होतं, स्पीकरच्या पेट्या कशा बनवायच्या त्याचं. मला इंग्रजी कळायचं पण विषय कळायचा नाही, त्याचं उलटं. अशा दोन अर्ध्या माणसांनी मिळून ते पुस्तक वाचायला घेतलं. मी एक वाक्य मराठीत सांगायचो, तो डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "चुकलं सर, परत बगा," आणि खरोखरच माझं चुकलेलं असायचं. कधी तो आपल्या मनाचं काही जोडायचा आणि चुकीच्या मापाचं लाकूड कापून बसायचा. तेव्हा मी म्हणायचो, चुकलं, परत बघ. दोघांनाही त्याचं काही वाटत नसे.

घरातला आवाज त्याला हवा होता तो त्याच्या बायकोसाठी, जैबूनभाभींसाठी. भाभींचं माहेर जोतिबाच्या डोंगराखालचं. त्यांचे वडील सनई वाजवत. आसपासच्या गावांतली लग्नं, वराती त्यांच्याशिवाय होत नसत. भाभींचा थोरला भाऊ बापामागं बसून सूर धरायचा. सूर धरणं म्हणजे दुसऱ्या सनईवर एकच स्वर न तोडता वाजवत राहणं. त्याच्या आधारावर मुख्य सनई फिरते. भाभी सांगत, की लहानपणी झोपेतून जाग यायची ती त्या सुराच्या आवाजानं. बाप पान चघळत बसलेला असायचा, भाऊ नुसता सूर धरून असायचा, आणि आता सनई लागेल, आता लागेल म्हणून त्या अंथरुणात वाट बघायच्या. वडील गेले, भाऊ मुंबईला गिरणीत गेला. दस्तगीरनं मग सनईच्या तबकड्या जमवल्या. दुपारी धंद्याला सुट्टी असली की दुकानामागच्या खोलीत तबकडी लावायची आणि माजघरात भाकरी थापत बसलेल्या बायकोला मोठ्यानं विचारायचं, "येतंय का?" घरात ती दोघं आपापसात दखनी बोलत, हा प्रश्न तेवढा धंद्याच्या मराठीत असे. आतून उत्तर येई, "येतंय की!" भाभींचा आवाज मांडवाच्या टोकावरच्या माणसाला लाजवील असा होता.

मग एका उन्हाळ्यात भाभी म्हणाल्या, की सनई लांब गेल्यासारखी वाटते. दस्तगीरनं पिन बदलली. तरी लांबच. त्यानं तबकड्या धुतल्या, प्लेअर बदलला, अँप्लिफायरचे व्हॉल्व्ह बदलले, स्पीकर बदलला, वायर बदलली. मला घेऊन बसायचा आणि विचारायचा, "सर, तुमास्नी काय वाटतंय, दबल्यागत येतंय न्हवं?" मला नीट येत होतं. पण त्याच्या तोंडाकडं बघून मलाही थोडं दबल्यासारखं वाटायचं. जवळजवळ वर्षभर त्या घरातली प्रत्येक वस्तू खोलून बघितली गेली. आवाज पोचत नाही म्हणजे दोष यंत्रात आहे, हे त्याच्या धंद्यात इतकं मुरलेलं होतं, की टोकाला उभ्या असलेल्या माणसाच्या कानाकडं बघायचं त्याला सुचलंच नाही. मलाही नाही सुचलं. भाभी बोलायच्या पहिल्यापासूनच मोठ्यानं, आणि कोल्हापुरात मोठ्यानं बोलणाऱ्या बाईला ऐकू कमी येतं असं कोण म्हणणार? दूध उतू गेलं, दारातल्या माणसाच्या हाका वाया गेल्या, तरी सगळ्यांना वाटलं, कामात असतील.

शेवटी भाभींना मिरजेला नेलं, तिथल्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, की कानाची नस सुकत चालली आहे, वरचे बारीक आवाज आधी जातात, खालचे नंतर, आणि यावर इलाज नाही. पूर्वी छातीच्या दुखण्यात घेतलेल्या इंजेक्शनांमुळं असेल, किंवा नसेलही. कानात घालायचं यंत्र दिलं. ते भाभींनी काही दिवस घातलं, मग म्हणाल्या, "नुसतं डबं वाजत्यात," आणि काढून ठेवलं. परतीच्या गाडीत दस्तगीर कोल्हापूर जवळ आल्यावर म्हणाला, "इंजेक्शनचं कायतरी सांगतोय त्यो. माझं कर्णं दुकानाच्या मागल्या दारात बांधून म्या रोज वाजवून बगायचो. ही तिथंच भांडी घासायची." मी म्हणालो, डॉक्टर तसं म्हणाला नाही. "त्यो पावणा हाय. त्याला काय म्हाईत." आणि जरा वेळानं, "नस सुकली म्हंजे रस्ता अरुंद झाला की न्हाय? मग ताकद वाढवायची. रस्ता अरुंद झाला तर माणूस अंग चोरून जातोच की."

ताकद वाढवायची, हे त्याच्या उरलेल्या आयुष्याचं काम झालं. त्यासाठी त्यानं बावड्यात, कारखान्याच्या अलीकडं, जमिनीचा तुकडा घेऊन घर बांधलं आणि त्या घरात इतर काही सुचायच्या आधी एक मोठी खोली काढली. नातेवाईक चेष्टा करायचे. एका चुलत भावानं वास्तू बघून विचारलं, "दस्तगीरभाई, टाकीज काढलंसा काय घरात? तिकिटं कुठं मिळत्यात?" "तुला फुकट. पर तोंड बंद ठेवायचं," असं दस्तगीरनं सुनावलं. त्या खोलीत त्यानं दोन उभ्या पेट्या करवून घेतल्या. जमिनीवर उभ्या, माझ्या छातीला लागतील एवढ्या, सागवानाच्या, आतून घोंगड्याचं अस्तर लावलेल्या. प्रत्येक पेटीत खाली ताटाएवढा मोठा स्पीकर, नगाऱ्यासारख्या जड आवाजांसाठी. आणि वर वाटीएवढा लहान, सनईसारख्या बारीक आवाजांसाठी. पुस्तकातली मापं आम्ही दोघांनी मिळून उतरवली होती. सुतारानं पेट्या आणून ठेवल्या तेव्हा भाभी म्हणाल्या, "ह्यात धान्य मावंल की वरीसभराचं."

पहिल्या दिवशी त्यानं त्या दोन धिप्पाड पेट्यांना आपला घरातला जुना, लहान अँप्लिफायर जोडला. त्याच्या धंद्यातल्या सगळ्यांची ती समजूत होती: अँप्लिफायर लहान आणि स्पीकर मोठा असला की जळायची भीती नाही. भाभी समोर खुर्चीत बसल्या. तबकडी लागली. "येतंय का?" "जरा जरा." त्यानं बटण फिरवलं. "आता?" "नगारा येतोय." आणखी फिरवलं, शेवटपर्यंत. सनई फाटायला लागली, नवं कापड टराटरा फाडावं तशी. मी कानावर हात ठेवले. भाभी मात्र पुढं वाकून बसल्या होत्या. त्यांच्यापर्यंत त्यातलं काही जातच नव्हतं. आणि मग जळक्या वार्निशचा वास आला, आणि सनई थांबली. पेट्यांचे वरचे दोन्ही लहान स्पीकर जळले होते. खालचे मोठे चालूच होते. खोलीत फक्त नगारा वाजत होता, धप् धप् धप्, आणि त्याच्यावर काहीच नव्हतं. मी म्हणालो, बंद कर. दस्तगीरनं हातानं खूण केली, थांबा. तो बायकोच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला आणि तबकडी संपेपर्यंत ते ऐकत राहिला. मग म्हणाला, "सर, हिला हे असं येतंय. एवढी वरसं हे असं येतंय हिला."

पुस्तकात याचं कारण होतं, पण आम्ही ते पान भरभर उलटून गेलो होतो. मोठ्या पेट्यांना लहान अँप्लिफायर पुरत नाही. त्याला त्याच्या ताकदीपलीकडं ताणलं, की तो आवाज देण्याऐवजी तुटका, चेचलेला करंट देतो आणि त्यानं लहान स्पीकरची कॉइल तापून जळते. जास्त ताकदीचा अँप्लिफायर हळू चालवला तर स्पीकर सुखरूप राहतो. दस्तगीरनं ते पान माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. मग म्हणाला, "थोरल्या पैलवानानं पोराला खांद्यावर घिऊन चाललं तर पोराला झोप लागती. अशक्तानं घेतलं तर दोघं बी पडत्यात. एवढं म्हाईत हुतं की मला. तालमीतलं म्हाईत हुतं, हितं सुचलं न्हाय." पुढचे कित्येक महिने त्यानं मोठा अँप्लिफायर बांधण्यात घालवले. तो पूर्ण झाला तेव्हा त्याचे व्हॉल्व्ह तापायलाच बराच वेळ लागायचा, आणि तापले की खोलीत शेगडी पेटवल्यासारखी ऊब यायची. त्यावर सनई कधी फाटली नाही. मी आयुष्यात इतका सुंदर आवाज ऐकलेला नाही. डोळे मिटले की वाजवणाऱ्याचा श्वास घेतलेला कळायचा. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं होतं त्या भाभी समोर बसून माझ्याकडं बघायच्या, माझ्या चेहऱ्यावरून काही कळतंय का म्हणून.

"येतंय का?" तो विचारायचा. त्या त्याच्या ओठांकडं बघून म्हणायच्या, "येतंय की!"

एका रविवारी तबकडी फिरत असताना तो पेट्यांच्या मागं गेला आणि त्यानं दोन्ही पेट्यांच्या वायरी काढल्या. खोली एकदम रिकामी झाली. बाहेर कुठंतरी कोंबडं ओरडलं तेही ऐकू आलं. भाभींची नजर फिरत्या तबकडीवर होती. तो मागून पुढं आला, त्यांच्यासमोर उभा राहिला, आणि नेहमीसारखं विचारलं, "येतंय का?" भाभींनी हसून मान डोलावली. "येतंय की! आज लई बेस येतंय." त्यानं जाऊन वायरी जोडल्या. मला थांब्यावर सोडायला आला तेव्हा कारखान्याच्या धुराड्याकडं बघत म्हणाला, "बाई माझ्यापायी खोटं बोलाय लागली, सर." मी म्हणालो, मग आता थांबव हे. "थांबलो तर तिला कळंल की मला कळलंय. आनी मग आमी दोघांनी त्या खोलीत बसून करायचं काय?"

पुढच्याच महिन्यात कधीतरी, तो बाहेर गेलेला असताना, भाभींनी चहा देता देता आपणहून सांगितलं. त्यांच्या मते त्या कुजबुजत होत्या. शेजारच्या परसापर्यंत ऐकू जाईल असं ते कुजबुजणं होतं. "मी व्हय म्हनतो, सर. न्हाय म्हटलं की परत समदं खोलून बसत्यात. जेवत न्हाईत, बोलत न्हाईत. सांगू नगासा हं." मी मान हलवली. त्या दोघांनीही आपापलं माझ्याकडं ठेवायला दिलं होतं आणि मला ते इकडचं तिकडं करता येण्यासारखं नव्हतं. रविवारी मी जायचो, मधल्या खुर्चीत बसायचो, आणि एकाचा प्रश्न आणि दुसरीचं उत्तर दोन्ही ऐकायचो.

त्यानं एवढ्यावर सोडलं नाही. कान जमत नाही तर दुसरीकडून, असं म्हणून त्यानं पेट्यांसमोरच्या शहाबादी फरशीवर सागवानी फळ्या टाकल्या आणि पेट्या त्या फळ्यांवर उभ्या केल्या. भाभींना चप्पल काढून फळीवर पाय ठेवून बसवलं. जड आवाज लाकडातून थोडा जायचा. "नगारा येतोय," त्या म्हणाल्या, आणि हे खरं होतं, कारण चेहरा वेगळा होता. "तळव्याला मुंग्या आल्यागत येतोय. पर सनई न्हाय." मग त्यांनीच हसून म्हटलं, "वरात आली, नवरी न्हाय आली." दस्तगीरही हसला. त्या विनोदावर ती दोघं इतका वेळ हसली, की मी खिडकीबाहेर बघू लागलो. तबकडीतला नगारा असतो तरी किती? मधूनमधून थाप पडते, मग बराच वेळ काही नाही. त्या पाय ठेवून बसायच्या, थाप आली की बोट उचलायच्या, मग वाट बघायच्या. हळूहळू बोट उचलणंही कमी झालं. कारखान्याचा भोंगा तेवढा काही वर्षं ऐकू येत राहिला. तो झाला की त्या भात चढवायच्या. मग एक दिवस भात चढला नाही.

या सगळ्यात दस्तगीर एका गोष्टीशी मात्र भांडत राहिला, ती म्हणजे हमिंग. विजेवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्रात विजेचा स्वतःचा एक जाड, सलग आवाज घुसू बघतो. मोठ्या अँप्लिफायरमध्ये तो जास्त घुसतो. प्लेअरच्या मागच्या केसाएवढ्या वायरींपैकी एक जरी सुटली, तरी संगीत गायब होतं आणि दोन्ही पेट्या भुंग्यासारख्या घूं करायला लागतात. एकदा माझ्यादेखत तसं झालं. दस्तगीर जेवत होता. तो उष्ट्या हातानं धावत आला, इंगळी चावल्यागत बटण बंद केलं आणि म्हणाला, "ही घाण हिच्या आंगात जाया नगं." त्या हमिंगला तो घाणच म्हणायचा. ते मुळापासून काढायला त्यानं किती वर्षं घातली असतील, ते त्यालाच माहीत. शेवटी शेवटी त्याचा अँप्लिफायर चालू असताना पेटीच्या जाळीला कान लावला तरी काही ऐकू येत नसे. हे तो मला पुन्हा पुन्हा करून दाखवायचा. "बगा, कबरीतल्यागत हाय का न्हाय?" म्हणायचा.

टेपचे दिवस आले. त्याच्या धंद्यात नवी माणसं आली, मोठमोठे बॉक्स आले, आणि त्यांच्यात कुणी टोकाला माणूस उभा करून विचारत नसे. आवाज सगळीकडं पोचणार हे ठरलेलंच असे. दस्तगीरनं कर्णे विकून टाकले, मशिदीचा तेवढा शेवटपर्यंत स्वतः बघत राहिला. त्याला दम लागायला लागला होता. वारला त्याच्या आधीच्या रविवारी मी गेलो तेव्हा तो फळीवर मांडी घालून बसला होता, स्क्रू-ड्रायव्हर हातात होता, आणि काहीच खोललेलं नव्हतं. तबकडी लावली. भाभी येऊन बसल्या, पाय ठेवले, आणि त्याच्या तोंडाकडं बघू लागल्या. त्यानं विचारलं नाही. त्या वाट बघत होत्या, ते मला दिसत होतं. तबकडी संपली, त्या उठून आत गेल्या. मी विचारलं, आज विचारलं नाहीस? तो म्हणाला, "दमलो, सर." एवढंच म्हणाला. वीस वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला... आणि तोच शेवटचा ठरला.

इद्दत, म्हणजे विधवेनं घरात पाळायचे चार महिने दहा दिवस, संपेपर्यंत मी त्या घरी गेलो नाही. ती संपल्यावर भाभींनीच पुतण्याकडून निरोप पाठवला, रविवारी या. मी गेलो. दारात पुतण्याची बायको ज्वारी निवडत बसली होती. तिनं आत हात केला. आत पाऊल टाकायच्या आधीच मला ते ऐकू आलं. जाड, सलग, न तुटणारं. घूं... खोलीत व्हॉल्व्हची ऊब होती. प्लेअरवर तबकडी फिरत होती, पिन तिच्यावर नीट टेकवलेली होती; भाभींनी त्याला बघून बघून सगळं शिकून घेतलं असणार. प्लेअरच्या मागून एक बारीक वायर सुटून लोंबत होती. झाडताना तुटली असेल. दोन्ही पेट्या नुसत्या घुमत होत्या. सनई नव्हती, नगारा नव्हता. फळीवर भाभी बसल्या होत्या, पाय सोडून, पाठ एका पेटीला टेकलेली, एक हात दुसऱ्या पेटीवर. मला बघून त्यांनी जागा दाखवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्या खोलीत इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

"येतंय, सर," त्या म्हणाल्या. "खरंच येतंय. ते हुते तवा असं कंदी आलं न्हाय. समद्या पाठीतनं येतंय. आमचा दादा सूर धरायचा न्हवं, तसं." त्यांनी हात पेटीवर जरा दाबून धरला. "सूर धरलाय नुसता. लई वेळ धरलाय. सनई लागंल आता."

ती वायर जोडणं अवघड नाही. शहरातला कुठलाही कारागीर दोन मिनिटांत जोडून देईल; एवढ्या वर्षांत बघून बघून मलाही ते जमेल. जोडली की सनई लागेल, स्वच्छ, फाटल्याशिवाय, श्वासासकट. आणि त्या फळीवर, त्या पाठीत, काहीही उरणार नाही. मी वायरीकडं बघत उभा होतो. ज्या आवाजाला दस्तगीर घाण म्हणायचा, जो बायकोच्या अंगात जाऊ नये म्हणून तो उष्ट्या हातानं धावायचा, तोच तेवढा तिच्यापर्यंत पोचला होता, आणि हे ऐकायला तो नव्हता. बरं आहे, असंही वाटलं.

मी तिथं आता दर रविवारी जातो. तबकडी फिरत असते, पेट्या घुमत असतात, भाभी पाठ टेकून सनई लागायची वाट बघतात. त्या पहिल्या रविवारी त्यांनी माझ्याकडं वळून, माझ्या ओठांवर नजर ठेवून, आपल्या नवऱ्याच्या शब्दांत विचारलं, "तुमास्नी येतंय का, सर?"

मी आयुष्यात कधी मोठ्यानं बोललेलो नव्हतो. दारातली सून दचकून बघेल एवढ्या मोठ्यानं, पोटातून, मी म्हणालो, "येतंय की!"